एक अस्वल, दोन ठिणग्या

त्या शनिवारी हिल्काने माझ्याशी सरळ भांडण केलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. भांडणाला मी घाबरत नाही. गावाच्या इमारत खात्यात निरीक्षक म्हणून मी एकतीस वर्षं काढली आहेत. ज्यांच्या घरामागच्या ओट्यांचे कठडे मी दोन इंचांसाठी उखडायला लावले, ते लोक मला काय काय म्हणाले हे चारचौघांत सांगण्यासारखं नाही. पण माझी बायको गाडीत बसली, पट्टा लावला आणि म्हणाली, "हीटर लाव." बस्स. ऑक्टोबर अर्धा सरला होता, सरोवरावरून बोचरं वारं सुटलं होतं, हीटर लावायलाच हवा होता. त्यामुळे त्या दोन शब्दांत थंडी किती आणि राग किती, हे मला घर येईपर्यंत ठरवता आलं नाही.

झालं होतं ते असं. डोरीनच्या खेळांच्या दुकानामागच्या खोलीत दर शनिवारी दुपारी पत्ते चालतात. राजा-राणीचे नव्हेत, ते दुसरे: मंत्र, प्राणी, दैत्य वगैरे असलेले, ज्यांची पाकिटं विकत घेऊन लोक आपापला संच जुळवतात. हिल्का शाळेत ग्रंथपाल होती. निवृत्त झाल्यावर इतर बायका रजया शिवायला लागल्या, ही दैत्य पाळायला लागली. शरद ऋतूच्या स्पर्धेत ती थेट अंतिम फेरीत पोचली, आणि समोर आला आमचा शेजारी लायोनेल बूशे. धान्याच्या कोठारांवर क्रेन चालवून निवृत्त झालेला हा गृहस्थ कोणाच्याही कुंपणावर हात टेकून कोणत्याही विषयावर सल्ला देऊ शकतो.

नेमका त्या दिवशी दुकानाचा पंच क्लेटन, मूस जातीच्या मोठ्या हरणाच्या शिकारीला गेलेला.

"मर्विन, तुम्ही बसा ना पंच म्हणून," डोरीन मला म्हणाली. "नियम वाचायची सवय असलेला दुसरा माणूस मी कुठून आणू?"

मी स्वतः हा खेळ कधीच खेळलेलो नाही. पण हे आमंत्रण मला अगदी योग्य ठिकाणाहून आल्यासारखं वाटलं. मी खुर्ची थोडी उंच करून घेतली.

आता खेळाचं थोडं सांगायला हवं, कारण माझी इज्जत याच तपशिलात गेली. प्रत्येकाला सुरुवातीला वीस जीव असतात. समोरच्याचे जीव संपवायचे, एवढंच. लायोनेलचे पंधरा उरले होते, हिल्काचे चार, आणि लायोनेलचा पाच ताकदीचा हिमदैत्य टेबलावर दात विचकून उभा होता. हिल्काकडे दोन प्राणी: सहा ताकदीचं म्हातारं अस्वल आणि एक ताकदीची खार. शिवाय एक कंदील. कंदील हा प्राणी नव्हे, वस्तू. हिल्का जेव्हा जेव्हा मंत्र टाकेल, तेव्हा कंदील पेटतो आणि समोरच्याचा एक जीव जातो.

हिल्काने 'शेवटची ठिणगी' हा मंत्र टाकला. हा टाकायचा तर नेहमीच्या किमतीवर एक जादा किंमत द्यावी लागते: आपलाच एक प्राणी बाद करायचा. त्याची जेवढी ताकद, तेवढे समोरच्याचे जीव जातात. तिने अस्वल उचललं, त्याच्याकडे एकदा बघितलं आणि बाद पत्त्यांत ठेवलं. ठिणगी लायोनेलपर्यंत पोचायच्या आतच तिने शेवटचा पत्ता टाकला, 'घुमती हाक'. ही हाक नुकत्याच टाकलेल्या मंत्राची नक्कल करते. म्हणजे एक ठिणगी, आणि तिच्यामागोमाग दुसरी.

"थांब थांब," लायोनेल म्हणाला. "पहिल्या ठिणगीला अस्वल दिलंस. दुसरीला काय देणार?"

"दुसरी नक्कल आहे," हिल्का म्हणाली.

"म्हणून काय फुकट?"

खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उभा राहिलो. उभं राहायची काही गरज नव्हती. पण मला वाटलं, निर्णय उभ्यानेच द्यावा. आमच्या खात्यात एका घराचा नकाशा जसाच्या तसा शेजारच्या जागेवर वापरला तरी अर्ज नवा लागतो आणि शुल्कही नवं. हे मी लोकांना हजार वेळा सांगितलेलं.

"दोन मंत्र, दोन किमती," मी म्हणालो. "कंदीलही तीनदा पेटेल. ठिणगीला एकदा, हाकेला एकदा, नकलेला एकदा."

हिल्का मला एवढंच म्हणाली, "वाचलंयस ना तू?"

"अर्थात," मी म्हणालो.

तिने खार बाद केली. दुसरी ठिणगी एका जीवाची झाली. लायोनेल पाच जीवांवर वाचला, हल्ला अडवायला हिल्काकडे प्राणीच उरला नाही, आणि हिमदैत्याने पुढच्याच पाळीत तिला संपवलं. तिने हात मिळवला, वही मिटली. ती प्रत्येक डावाची प्रत्येक चाल वहीत लिहून ठेवते. मग हीटर.

नऊ दिवसांनी क्लेटन एकही मूस न मारता परत आला. मी दुकानात सहज गेलो होतो, आणि त्याहून सहजपणे ही गोष्ट त्याच्या कानावर घातली. पाठीवर शाबासकी मिळाली तर हवीच होती.

क्लेटनने कपाळावर हात मारला. "अहो मर्विन, नकलेला कसली किंमत? मूळ कागदावर सही आहे, त्याची झेरॉक्स काढली, तर झेरॉक्सवर सही आपोआप येते की नाही? की मशीन तुमच्याकडे परत पेन मागतं? किंमत एकदा दिली, नक्कल तीच दिलेली किंमत घेऊन जन्मते. अस्वल दोन्हीकडे धरायचं. सहा आणि सहा."

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं म्हणून तो गेला. मी तिथेच उभा राहून बोटं मोजली. सहा आणि सहा बारा. कंदिलाचे तीन. पंधरा. लायोनेलचे बरोब्बर पंधरा होते.

म्हणजे माझी बायको जिंकली होती आणि मी तिला हरवलं होतं. भर खोलीत, उभा राहून.

घरी येऊन मी कबुली दिली. हिल्का बटाटे सोलत होती. "मला वाटलं होतं तू वाचलं असशील," ती म्हणाली आणि पुढचा बटाटा घेतला. मी म्हटलं, आपण डाव त्याच जागेपासून पुन्हा खेळू. ती म्हणाली, नको. मी म्हटलं, तुझा हक्क आहे तो. ती म्हणाली, हक्क माझा आहे ना, मग मी म्हणते नको. पण एव्हाना प्रश्न तिच्या हक्काचा राहिला नव्हता, माझ्या नावाचा झाला होता, आणि हे तिला कळलं होतं, मला नव्हतं.

मी लायोनेलकडे गेलो. तो पानं गोळा करत होता. दंताळ्यावर हनुवटी टेकून त्याने सगळं ऐकून घेतलं.

"कागदावर मी हरणार नाही," तो म्हणाला. "टेबलावर हरव म्हणावं. माझी तयारी आहे. पण एक अट. पंच तूच."

"मी? क्लेटन आहे ना आता."

"क्लेटनने काय केलंय? चूक तुझी, निस्तरायची पण तूच. आणि मर्विन, तुझ्या पन्हळीत पानं अडकलीयत, ती आधी काढ."

पलीकडच्या मिसेस विल्सनी कुंपणावरून हे ऐकलं आणि मला सल्ला दिला की बायको गप्प झाली तर तिला नवा फ्रिज घ्यावा. त्यांच्या यजमानांनी दोन घेतले होते. मी आभार मानले.

हिल्का शेवटी तयार झाली, ती मी रोज सकाळी नाश्त्याला विषय काढतो म्हणून. पण डोरीनची मागची खोली नाताळपर्यंत भरलेली होती. "रविवारी?" मी विचारलं. "रविवारी माझी आई येते," डोरीन म्हणाली, आणि ज्या स्वरात म्हणाली त्यावरून मी पुढे काही विचारलं नाही. राहिलं आमच्या वस्तीचं सभागृह. त्यासाठी अर्ज, आणि अर्जासाठी माझंच जुनं खातं.

खिडकीमागे नादिया प्रोकोपचुक होती. मीच तिला कामाला लावलं, मीच शिकवलं.

"कार्यक्रमाचं स्वरूप?" तिने विचारलं.

"पत्त्यांचा डाव."

"मग जुगाराचा परवाना लागेल, मिस्टर तुओमी. सहा आठवडे."

"नादिया, यात पैसे नसतात. म्हातारं अस्वल असतं."

"प्राण्यांसाठी वेगळा अर्ज आहे."

"खरं अस्वल नाही!"

"बक्षीस आहे का काही?"

"दुकानातल्या पाटीवर नाव लागतं."

तिने पेन खाली ठेवलं. "या अर्जात खेळ, लग्न, व्याख्यान आणि अंत्यविधी एवढ्याच चौकटी आहेत. खेळ म्हणजे चेंडूचा. पत्ते म्हणजे जुगार."

"हा असला अर्ज कोणी तयार केला?" मी जरा आवाज चढवूनच विचारलं.

तिने कागद उलटा करून माझ्यापुढे सरकवला. तळाशी बारीक अक्षरांत आद्याक्षरं होती. मर्विन तुओमी. सोळा वर्षांपूर्वीची.

"तुम्हीच सांगायचात," ती हळू आवाजात म्हणाली, "की ज्याचा कार्यक्रम चौकटीत बसत नाही, त्याला स्वतःचा कार्यक्रम अजून समजलेला नाही." मग तिला माझी दया आली असावी. "व्याख्यान लिहू का? व्याख्यानानंतर प्रात्यक्षिक चालतं."

लग्न आणि अंत्यविधी यांच्या मानाने व्याख्यान बरं होतं. विषय काय, तिने विचारलं. मी प्रामाणिकपणे सांगितलं: नकला आणि जादा किंमत.

त्यातून पुढे काय निघेल याची मला कल्पना नव्हती. व्याख्यान म्हटलं की त्याची सूचना आपोआप सभागृहाच्या फलकावर लागते, वाचनालयात लागते आणि वस्तीच्या पत्रकात छापून येते. आठवड्यात ती लागली: 'नकला आणि जादा किंमत. वक्ते: मर्विन तुओमी, निवृत्त इमारत निरीक्षक. प्रात्यक्षिकासह.' किराणा दुकानात एका बाईंनी मला थांबवून विचारलं की हस्तलिखित मृत्युपत्राची नक्कल चालते का. एक जण म्हणाला, तीस वर्षांत खात्यातल्या माणसाने जादा किमतीबद्दल तोंड उघडलेलं हे पहिलंच, मी नक्की येणार.

आता व्याख्यान देणं भाग होतं, आणि देणं भाग म्हणजे तयारी आली. मी क्लेटनकडून नियमांचं जाडजूड पुस्तक आणलं आणि सकाळच्या उजेडात, पेन्सिल घेऊन, पहिल्या पानापासून वाचायला बसलो. हे मी ऑक्टोबरमध्ये करायला हवं होतं हे मला कळतं. कोणी सांगायची गरज नाही. नकलांचं प्रकरण आलं. किंमत पुन्हा द्यायची नाही. घेतलेले निर्णय, दिलेला प्राणी, सगळं नकलेत जसंच्या तसं. क्लेटन बरोबर होता. मी समाधानाने पान उलटलं.

पुढच्या पानावर पहिलंच वाक्य होतं: नक्कल ही टाकलेली नसते. ती तयार होते. म्हणून 'मंत्र टाकल्यावर' घडणाऱ्या गोष्टी नकलेमुळे घडत नाहीत.

मी ते तीनदा वाचलं. कंदील मंत्र टाकल्यावर पेटतो. ठिणगी टाकली, एक. हाक टाकली, दोन. नक्कल कोणी टाकलीच नाही. म्हणजे कंदिलाचे तीन नव्हेत, दोन. बारा आणि दोन चौदा. लायोनेलचा एक जीव उरतो.

ज्या विजयासाठी मी पाच आठवडे गावभर फिरलो, जुगाराच्या परवान्यापासून जीव वाचवला, तो विजय नव्हताच. आणि हे एकट्या मला माहीत होतं. क्लेटनने कंदिलाकडे लक्ष दिलं नव्हतं, लायोनेल माझ्या पंधरावर विश्वास ठेवून बसला होता, आणि हिल्का, निदान मला तरी असंच वाटत होतं, इतक्या दिवसांनी मान्य झालेला आपला डाव जिंकायला येणार होती. मी पुस्तक मिटलं. पन्हळीतली पानं काढायला शिडीवर चढलो आणि बराच वेळ वरच राहिलो.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी दुपारी सभागृहात एकोणीस माणसं आली. मिसेस विल्स खजुराच्या चौकोनी वड्यांचं भलंमोठं ताट घेऊन आल्या, कारण व्याख्यानाला काहीतरी खायला लागतं. पुढच्या रांगेत एक गृहस्थ आपल्या गॅरेजच्या नकाशाच्या चार प्रती मांडीवर घेऊन बसले होते. मी घसा साफ केला आणि सांगितलं की हे व्याख्यान अस्वलाबद्दल आहे.

तीन माणसं उठून गेली. गॅरेजवाले गेले नाहीत. त्यांना वाटलं अस्वल हे उदाहरण आहे. मी वीस मिनिटं बोललो, आणि सांगायला हरकत नाही, बरा बोललो. सहीचं आणि झेरॉक्सचं सांगितल्यावर माना हलायला लागल्या. मग हिल्का आणि लायोनेल टेबलाशी बसले. हिल्काने वहीवरून सगळे पत्ते त्या दिवशीसारखे मांडले: चार जीव, पंधरा जीव, हिमदैत्य, अस्वल, खार, कंदील. न उचललेले पत्ते दोघांनी नव्याने पिसले.

हिल्काने ठिणगी टाकली. अस्वल बाद. लायोनेल चौदावर. तिने हाक टाकली. लायोनेल तेरावर.

"आता नक्कल," लायोनेल म्हणाला. "तिला कंदिलाचा एक, म्हणजे बारा. सहा आणि सहा बारा. संपलो मी." तो हात मिळवायला उठलासुद्धा.

"बस," मी म्हणालो.

या वेळी मी उभा राहिलो नाही.

"नक्कल टाकलेली नसते," मी म्हणालो. "तिला दुसरं अस्वल लागत नाही, पण तिच्यासाठी कंदीलही पेटत नाही. मी त्या दिवशी दोन्ही चुकीचं सांगितलं. लायोनेल, तुझा एक जीव शिल्लक आहे."

गॅरेजवाल्यांनी शेजारच्या बाईंना विचारलं, "म्हणजे ती जिंकली नाही?" आणि बाई म्हणाल्या, "शू."

हिल्का माझ्याकडे बघत होती. पाच आठवड्यांत तिने माझ्याकडे इतका वेळ बघितल्याचं मला आठवत नाही.

"पान उलटलंस तर तू," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"ग्रंथपाल होते मी, मर्विन. त्याच आठवड्यात वाचलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू वाचतोस का ते बघायचं होतं." तिने मान वळवली. "लायोनेल, तुझी पाळी."

हिमदैत्य चालून आला. खार त्याच्या आडवी गेली आणि मेली. हिल्काचे चार जीव तसेच राहिले. आता तिची पाळी. हातात एकही पत्ता नाही. ढिगातून उचलेल तो मंत्र असला, कोणताही, कितीही फुसका, तर कंदील पेटणार आणि लायोनेलचा शेवटचा जीव जाणार. माझ्या व्याख्यानाचा परिणाम असेल, पण हे त्या सोळाही माणसांना कळलं होतं. गॅरेजवाले उभे राहिले. "मंत्र! मंत्र!" असं मिसेस विल्स स्वतःशीच पुटपुटत होत्या.

हिल्काने पत्ता उचलला. बघितला. हसली आणि सगळ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवला. डोंगर होता. डोंगर फक्त मंत्रांची किंमत भरायला शक्ती देतो. डोंगर हा मंत्र नव्हे.

लायोनेलने हिमदैत्य जवळजवळ माफी मागत पुढे सरकवला. पाच ताकद, चार जीव. हिल्का हरली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, कोणासाठी ते मला सांगता येणार नाही. पाटीवरचं नाव होतं तेच राहिलं. मी टेबलाशी गेलो. तिला म्हणालो, "माफ कर. एवढं करून पुन्हा हरलीस."

"पुन्हा कुठे?" हिल्का म्हणाली. तिचे गाल लाल झाले होते. पंचवीस वर्षांची असताना व्हायचे तसे. "त्या दिवशी तू मला हरवलं होतंस. आज मी हरले. माझी मी. किती छान डाव झाला, बघितलास ना?" आणि ती पत्ते गोळा करायला लागली. "लायोनेल, सभागृह चार वाजेपर्यंत आपलं आहे. बस, आणखी एक."

"पंच?" लायोनेलने माझ्याकडे मान उडवून विचारलं.

"नको," हिल्का म्हणाली. "त्याला बसू दे."

मी बसलो. तासभर मला कोणी काहीही विचारलं नाही. फक्त गॅरेजवाल्यांनी त्यांच्या नकाशाची एक प्रत माझ्या हातात दिली, आणि त्यातल्या जिन्याचा कठडा दोन इंच कमी होता हे मी त्यांना सांगितलं नाही. तिसऱ्या डावात लायोनेलने एका मंत्राची नक्कल केली आणि स्वतःचा एक धडधाकट लांडगा काहीही कारण नसताना बाद पत्त्यांत ठेवून दिला. नियम कितवा, पान कितवं, ओळ कितवी, सगळं माझ्या जिभेवर आलं. मी तोंड उघडलं. हिल्काने पत्त्यांवरून नुसते डोळे वर केले.

मी त्या उघडलेल्या तोंडात खजुराची एक अख्खी वडी घातली आणि सावकाश चावत बसलो.